चुन्याचे कण

मला काहीही दुखत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांना नंतर कळलं त्यांनी सगळ्यात आधी हेच विचारलं. गाठ हाताला लागली होती का? नाही. मग तुम्हाला कळलं कसं? मला कळलंच नव्हतं. मशीनला कळलं.

तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते. लातूरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते आणि राहायला लातुरातच, क्लासेसच्या भागात. घर दोन मजली. खाली मी, वर मुली. कुणी हिंगोलीची, कुणी परभणीची, कुणी पार बुलढाण्याकडची; बारावीच्या, नाहीतर बारावी होऊन मेडिकलसाठी पुन्हा एक वर्ष घालवणाऱ्या. सकाळी त्यांचे अलार्म वाजायचे ते मला खाली ऐकू यायचे. जिन्यावर सतत चपलांचा आवाज असायचा. दोन वर्षं झाली की सगळ्या निघून जायच्या. जाताना पाया पडायच्या, एखादी गळ्यात पडून रडायची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या खाटांवर दुसऱ्या मुली येऊन बसलेल्या असायच्या. सगळ्या मला काकू म्हणायच्या. काका कुठं असतात, असं नवी एखादी विचारायची, आणि जुनी तिला कोपरानं ढोसायची. काका नव्हतेच. कधीच नव्हते.

त्या वर्षी शिक्षिकांसाठी तपासणीचं शिबिर भरलं. एका मोठ्या गाडीत मशीन बसवलेलं होतं आणि चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी जायचं असं ठरलं होतं. आम्ही सगळ्याजणी लाजत, एकमेकींना पुढं ढकलत उभ्या होतो. आत गेलं की दोन थंड फळ्यांमध्ये छाती दाबून धरायची, श्वास रोखायचा, एवढंच. बाहेर येऊन आम्ही चहा प्यालो. एकजण म्हणाली, "चपातीसारखं लाटून काढलं बाई." सगळ्या हसल्या, मीही हसले.

पंधरवड्यानं फोन आला, की तुम्ही डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

लातूरच्या सर्जननी माझी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. उतारवयाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. "हे बघा मॅडम," म्हणाले आणि पेनाचं टोक टेकवलं. राखाडी ढगात काही पांढरे ठिपके होते, बारीक रवा सांडावा तसे.

"हा कॅल्शियम. चुना म्हणा. वय झालं की पुष्कळ बायकांच्या छातीत साठतो आणि त्याचं काही होत नाही. पण तुमचे कण एकाच जागी गोळा झालेत, आणि आकार वेडेवाकडे आहेत. तुकडा काढून तपासल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

"मग काढा."

"तीच तर अडचण आहे. गाठ असती तर मी इथंच सुई घातली असती. हे हाताला लागत नाही. सुई घालायची कुठं?" त्यांनी मशीनखाली धरून सुई घालण्याची एक पद्धत सांगितली, ती पुण्याला किंवा हैदराबादला. मग म्हणाले, "नांदेडला एक मॅडम आहेत. सोनोग्राफीवर असे कण सहसा दिसत नाहीत. त्यांना पुष्कळदा सापडतात. सापडले तर बघत बघत तिथंच सुई घालता येते. आधी त्यांच्याकडं जाऊन या."

नंतर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "घरात कुणाला होता का? आई, मावशी, बहीण?"

"माहीत नाही."

"आईला विचारा की."

"आई भूकंपात गेली," मी म्हणाले.

लातुरात हा शब्द उच्चारला की समोरचा गप्प होतो. तेही झाले. मग हळूच म्हणाले, "वय काय होतं त्यांचं?"

"अडतीस."

"आणि बहीण?"

"दहावीला होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या घरातल्या बायकांना काय आजार होतात ते त्यांना हवं होतं, आणि माझ्या घरातल्या बायका आजार व्हायच्या वयापर्यंत पोचल्याच नव्हत्या. रिक्षात बसल्यावर मला वाटलं, एवढ्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नाही. आईचे केस माझ्यासारखे लवकर पांढरे झाले असते का, तिचे गुडघे दुखले असते का, यातलं मला काहीच माहीत नाही. माझी आई माझ्या वयाची कधी झालीच नाही. मी तिच्यापेक्षा मोठी झाले होते.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला होस्टेलवर होते, डी.एड.च्या पहिल्या वर्षाला. आमचं गाव औशाच्या पुढं. वडील शाळेत गुरुजी. आमच्या वस्तीत सगळी घरं कुडाची नाहीतर पत्र्याची. वडिलांनी नोकरीला लागल्यावर हट्टानं दगडी भिंतींचं, वर मातीचं माळवद असलेलं घर बांधलं होतं. वरच्या आळीतल्यासारखं घर आपल्यालाही असावं, असं त्यांना वाटायचं. वस्तीत तसं घर एकट्या आमचंच होतं, आणि आई त्याच्या भिंती स्वतः पांढऱ्या मातीनं पोतारायची. गाव हादरलं तेव्हा आसपासची कुडाची घरं हलली आणि उभी राहिली. पत्रे सरकले, माणसं बाहेर पळाली. आमचं घर जागच्या जागी बसलं. आई, वडील, बहीण, धाकटा भाऊ, सगळे आतच राहिले. शेजारच्या बायका नंतर मला जवळ घेऊन रडल्या, आणि मला त्यांच्याकडं बघवेना, कारण त्या सगळ्या जिवंत होत्या.

त्यानंतर हदगावहून एक मावशी आली होती. आईची चुलत बहीण. एवढ्या लांबून एकटी, डोळे सुजलेले. "चल माझ्याकडं," म्हणाली. मी म्हणाले, परीक्षा आहे. ती दोन दिवस माझ्याजवळ राहिली आणि परत गेली. पुढं मला नोकरी लागली. माझं लग्न जमवायला कुणी नव्हतं आणि मला स्वतःहून कुठं जाऊन उभं राहता आलं नाही. मावशीकडचं येणं-जाणं एकेका वर्षानं विरळ होत गेलं आणि मग राहिलंच नाही.

नांदेडला जायच्या दिवशी वरच्या मुलींना मी लग्नाला चालले म्हणून सांगितलं. अहमदपूर, लोहा करत बस दुपारच्या आधी पोचली. दवाखान्यांच्या गल्लीत, एका औषधाच्या दुकानावर त्या डॉक्टरांचं सेंटर होतं. बाकावर बायका बसल्या होत्या, बहुतेक पोटुशा, प्रत्येकीबरोबर सासू नाहीतर नवरा. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं मी पर्स ठेवली.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. डोक्यावरून ओढणी, वर पांढरा कोट. माहेर नांदेडमधलंच, जुन्या गावात त्यांच्या आजोबांपासून कापडाचं दुकान होतं, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. माझ्या फिल्म्स त्यांनी बराच वेळ पाहिल्या.

"सोबत कोण आलंय, ताई?"

"कुणी नाही."

"मालक?"

"लग्न नाही केलं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आवाजात जरासुद्धा बदल न करता पुढं बोलल्या, "मग आज परत लातूरला जायची घाई करायची नाही. सुईनंतर एवढा प्रवास नको. इथंच कुठं तरी राहा. आता आरामसे झोपा."

थंड जेल लागलं आणि मी शहारले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं थोडा वळवून ठेवला होता. मला त्यात राखाडी लाटांशिवाय काही दिसत नव्हतं. त्या हातातलं ते उपकरण एकाच जागेवर मागं-पुढं, आडवं-उभं फिरवत राहिल्या. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वितभर अंतरावर होतं, पण त्यांचं लक्ष माझ्यात नव्हतं, आत कुठं तरी होतं. एवढ्या जवळून मला कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यातही मी नव्हते.

"दिसत नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

पुणे, हैदराबाद, तिथली हॉटेलं, तिथले बाक, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. पण त्यांनी सोडलं नव्हतं. मला उठवून पुन्हा त्या दाबायच्या मशीनवर नेलं, कातडीवर एक बारीक खूण चिकटवली, फोटो काढला, कण खुणेच्या किती खाली आणि किती बाजूला आहेत ते मोजलं आणि पुन्हा झोपवलं. या वेळी त्यांनी हात जवळजवळ हलवलाच नाही. नुसता दाब कमी-जास्त करत होत्या.

"हां," त्या एकदम कुजबुजल्या. "बघा ताई. ती काळसर नळी दिसते? दुधाची नळी आहे. तिच्यात चमकतंय ते."

मी मान वळवली. वाळूत अभ्रक चमकावं तसे तीन-चार बिंदू. एवढेसे.

"हेच?"

"हेच. आता श्वास हळू घ्या. माझा हात हलला की ते हरवतील."

भुलीचं इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं लागलं. मग तिथलं सगळं बधिर झालं. ब्लेडनं कातडीला छोटासा छेद दिला तोही कळला नाही. जाड सुई आत जाताना फक्त दाब जाणवला. स्क्रीनवर ती एका बाजूनं येणाऱ्या पांढऱ्या रेघेसारखी दिसत होती. "आता खटका ऐकू येईल," डॉक्टर म्हणाल्या, "स्टेपलर मारल्यासारखा. दचकायचं नाही." नर्सनं माझं मनगट धरलं.

खट्.

तरी मी दचकलेच. नर्सनं हात आणखी घट्ट धरला. ती मध्यमवयाची, जाड बोटांची बाई होती. पुन्हा खट्. पुन्हा. दुखत नव्हतं. मी डोळे मिटले आणि त्या हाताकडं लक्ष दिलं. कुणाचा हात इतका वेळ माझ्या हातावर राहिला, असं किती वर्षांत झालं नव्हतं ते मला आठवेना. हे संपूच नये, असं क्षणभर मला वाटून गेलं. सुई आत असताना असं वाटावं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

निघालेले तुकडे शेवयांच्या धाग्यांसारखे होते. डॉक्टर ते बशीत घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या. त्या तुकड्यांचाही फोटो काढायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"तुकडे चांगले आलेत, पण चुना आला नाही. चुना आला नाही तर आपण भलतीच जागा तपासली असं होईल. रिपोर्ट चांगला आला तरी त्यावर भरवसा ठेवता येणार नाही. पुन्हा घेऊ?"

"घ्या."

"थकला नाहीत ना?"

"तुम्ही थकला नसाल तर घ्या."

त्या हसल्या. पुन्हा ती नळी शोधणं आलं. आता आत थोडं रक्त साठल्यामुळं सगळं गढूळ झालं होतं, असं त्या म्हणाल्या. पुन्हा खटके. त्या बशी घेऊन गेल्या आणि या वेळी अक्षरशः धावत आल्या, हातात फिल्म घेऊन. "आले! आले ताई!" त्यांनी ती माझ्यापुढं धरली. धाग्यासारख्या तुकड्यात पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. आम्ही दोघी त्या ठिपक्यांकडं बघून हसत होतो. नर्सही हसत होती. ते काय आहेत, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी आत तिळाहून लहान असा धातूचा एक तुकडा ठेवला, पुढं गरज पडली तर जागा सापडावी म्हणून. मग रक्त थांबावं म्हणून स्वतःच तळहातानं तिथं दाबून धरलं. नर्सवर सोपवलं नाही. दाबून धरलेलं असतानाच त्यांनी विचारलं, "आईकडचं कुणीच नाही?"

मी भूकंपाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आम्ही तेव्हा कॉलेजात. कपडे, भाकऱ्या गोळा करून पाठवल्या होत्या." मग म्हणाल्या, "म्हणजे खरंच कुणी नाही?"

"हदगावला आईची एक चुलत बहीण होती. आता आहे का नाही, ठाऊक नाही."

"हदगाव इथून काही लांब नाही. जाऊन या की. रिपोर्ट यायला आठवडा लागेल. काय यायचा तो येईल. पण घरातलं माहीत झालेलं बरं असतं."

ती संध्याकाळ मी स्टेशनजवळच्या एका लॉजवर काढली. गुरुद्वाऱ्याला आलेली कुटुंबं तिथं उतरली होती. व्हरांड्यात मुलं पळत होती, बायका एकमेकींचे केस विंचरत होत्या, कुणी कुणाला जेवायला हाका मारत होतं. बर्फाची पिशवी नॅपकिनात गुंडाळून मी छातीशी धरून बसले. बर्फ वितळून ब्लाऊज भिजला. बदलायला दुसरा आणला नव्हता. तोच खिडकीत वाळत घातला आणि साडीचा पदर लपेटून दिवा मालवला.

सकाळी हदगावची बस धरली. अर्धापूरला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या, मग कापूस. मावशीचे मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते; स्टँडवर उतरून मी त्यांचं नाव सांगत विचारत गेले. ते वारले होते, पण घर सापडलं. विहाराच्या मागं, पुढं तुळतुळीत सारवलेलं अंगण. पांढऱ्या साडीतली एक म्हातारी सुपात तूर पाखडत बसली होती.

"कोन हाय?"

"मावशी, मी गुरुजींची थोरली. औशाकडची."

ती सूप तसंच धरून बघत राहिली. "गुरुजीची? भूकंपातली?"

"हाव."

"अगं माय," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवलं, पण तिला पटकन उठता येईना. मीच खाली बसले. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. हातांना तुरीचा वास होता. "किती वर्सानं गं. मायवानी दिसून राहिली की. अगदी तिच्यावानी."

माझ्याकडं आईचा एकही फोटो नाही. जे होते ते घरात होते. आईचा चेहरा मला आठवतो असं मी धरून चालले होते, पण खरं तर काही वर्षांपासून तो नीट आठवत नव्हता, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मावशीच्या घरात खुंटीवर छोटा आरसा होता. हात धुवायला उठले तेव्हा मी त्यात बघितलं. बराच वेळ बघितलं.

जेवण झाल्यावर सून परसात भांडी घासायला गेली, तेव्हा मी विचारलं, "मावशी, माझ्या आईच्या आईला काय झालं होतं? आई तर सांगायची, तापानं गेली."

मावशीनं परसाच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "ताप न्हाई. छातीला झालं व्हतं काकीच्या. ह्या बाजूला." तिनं स्वतःच्या डाव्या बाजूवर हात ठेवला. "आमी ल्हान व्हतो. ती पदर लई घट्ट लपेटून राहायची. कुनाला दावलं न्हाई, काकालाबी न्हाई. मग वास येऊ लागला. कडूनिंबाचा पाला वाटून लावायची. वाटायला तिचा हातच वर होईना."

"मग कोण वाटून द्यायचं?"

"तुजी मायच की. एवढीशी व्हती. पाट्यावर बसून वाटायची. माजी माय म्हनायची, पोरीला कशाला, मी वाटते. पन ती उठायचीच न्हाई."

आई पाट्यावर वाटायला बसली की कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. चटणी असो, मसाला असो. आम्ही बहिणी मोठ्या झालो तरी वाटण आम्हाला करू दिलं नाही. "तुम्ही अभ्यास करा," म्हणायची. आम्हाला वाटायचं, तिला आमचं वाटण बारीक वाटत नाही.

मग मी मावशीला सांगितलं. ठिपके, सुई, खटके, सगळं. आख्ख्या जगात सांगितलेली ती पहिलीच. तिनं ब्लाऊजवरूनच, पट्टीवर, अगदी हलक्या हातानं बोटं ठेवली.

"दुकतं?"

"नाही."

"गाठ हाय?"

"नाही. नुसतं मशीनवर दिसलं."

"म्हंजी दुकायच्या आदीच दिसलं?"

"हाव."

"मंग काकीवानी न्हाई हे," ती ठामपणे म्हणाली. "दावायला गेलीस ना तू. ती गेली न्हाई."

आठवड्यानं मी नांदेडला रिपोर्ट घ्यायला गेले. डॉक्टरांनी दार लावून घेतलं, तेव्हाच मी समजले.

"कॅन्सर आहे, ताई. पण नळीच्या आत आहे. भिंत ओलांडून बाहेर पडलेला दिसत नाही. एवढा भाग काढायचा, मग किरणांचे उपचार घ्यायचे. लवकर सापडला." मग म्हणाल्या, "त्या दिवशी पहिल्या तुकड्यांवर थांबलो असतो तर..." आणि वाक्य सोडून दिलं.

मी आजीचं सांगितलं. त्यांनी ते टिपून घेतलं. "आता दुसऱ्या बाजूवरही दरवर्षी नजर ठेवायची," म्हणाल्या.

ऑपरेशन नांदेडलाच ठरलं. त्या सकाळी त्यांनीच सोनोग्राफीवर बघत त्या धातूच्या तिळापर्यंत एक बारीक तार घालून दिली आणि ती बाहेर चिकटपट्टीनं बांधली. त्या तारेच्या मागानं सर्जन आत जाणार होते. मला बाहेर आणलं तेव्हा बाकावर मावशी बसलेली होती, मांडीवर कापडी पिशवी. मी तिला फक्त कळवलं होतं, बोलावलं नव्हतं. "जा आत," ती म्हणाली, "मी हाय हितंच."

काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे मागं काही उरलं नव्हतं. मावशी माझ्याबरोबर लातूरला आली आणि टाके निघेपर्यंत राहिली. तिनं वरच्या मुलींना एका दिवसात सगळं सांगून टाकलं. मुली घाबऱ्याघुबऱ्या खाली आल्या. एक म्हणाली, "काकू, आम्हाला का नाही सांगितलं?" त्यांची परीक्षा आहे, असं मी काही तरी पुटपुटले. त्यांच्यातली एक रोज संध्याकाळी येऊन माझं पाणी भरू लागली, आणि परीक्षा संपल्यावर गावी गेली. आता ती डॉक्टर झाली असेल.

दुपारी मावशी भिंतीला टेकून बसायची आणि आईचं सांगायची. आई विहिरीत पोहायची म्हणे. लग्न ठरल्यावर जेवणावर रुसून बसली होती म्हणे. शाळेत नाव घालावं म्हणून आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी ऐकत राहायची. मध्ये एकही प्रश्न विचारायची नाही, तिचा धागा तुटेल म्हणून.

ती हदगावला परत गेल्यावर मी बार्शीला किरणं घ्यायला जाऊ लागले. शाळेतून रजा, पहाटेची बस, उन्हाळा. तिथं सगळ्यांबरोबर कुणी ना कुणी असायचं. किरणं घेताना मात्र सगळ्यांना खोलीबाहेर काढतात, जाड दार लागतं आणि आत माणूस एकटाच उरतो. तिथं मला इतरांपेक्षा कमी त्रास झाला, असं मला वाटतं. मला सवय होती.

मावशी तिसऱ्या हिवाळ्यात गेली. निरोप उशिरा मिळाला. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. सुनेनं चहा दिला. आईबद्दल सांगणारं आता कुणी राहिलं नाही.

मी दरवर्षी नांदेडला जाते. आधीच्या डॉक्टरबाई मुलाच्या शिक्षणासाठी हैदराबादला गेल्या. आता एक तरुण डॉक्टर बाई आहेत, हुशार आहेत, भराभर काम करतात. मागच्या खेपेला त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या, जुन्या फिल्म शेजारी लावून बघितल्या आणि म्हणाल्या, "एकदम चांगलं आहे. आता निवांत राहा."

मी खाली उतरले, औषधाच्या दुकानासमोर उभी राहिले. फोन काढला. नावं वर-खाली केली. मुख्याध्यापक, गॅसवाला, वरच्या मुलींचे आईबाप. वाईट बातमी असती तर कुणाला तरी सांगावीच लागली असती. चांगली बातमी मात्र कुणाला सांगितली नाही तरी चालते, आणि म्हणूनच ती एकट्यानं धरून उभं राहणं फार जड जातं.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसली. मांडीवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं, बाजाराला निघालेली असावी. गाव सुटल्यावर तिनं सहज विचारलं, "दवाखान्यात आल्ता काय?" माझ्या हातात फिल्मचं मोठं पाकीट होतं.

"हाव," मी म्हणाले. "मला कॅन्सर झाला होता. आता काही नाही. आज तपासलं. सगळं चांगलं आहे."

मी हे असं, एका दमात, कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बाईनं माझ्याकडं नीट वळून पाहिलं.

"लई बरं झालं बाई," ती म्हणाली. "लई बरं झालं."

मग ती तिच्या जावेच्या पोटातल्या दुखण्याचं सांगू लागली, आणि लोहा येईपर्यंत सांगत होती. उतरताना तिनं मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत खोचली. मी नको नको म्हणत होते, तोवर ती पायरीवरून खाली उतरलीसुद्धा. बस निघाली. मी खिडकीशी सरकले आणि जुडी पिशवीत नीट, वर पानं करून ठेवली.